ट्रॉम्बेच्या शेंगा खाल्ल्या तर काय होतंय? (कृषी सल्ला)

गडहिंग्लजकडनं एका दादांनी विचारलंय, "साहेब, उन्हाळी भुईमुगाला टॅग-२४ जातीचं बी घ्यावं म्हणतोय, पण पाव्हणं म्हणत्यात ते अणुबॉम्बवाल्यांचं बी हाय, खाल्लं तर कॅन्सर होतोय. खरं काय?"

दादा, बी अणुवाल्यांचंच आहे, ते खरं, मुंबईच्या ट्रॉम्बेतल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ही जात तयार झाली आणि १९९१ ला प्रसारित झाली. पण किरणं मारतात ती सुरुवातीच्या मूठभर बियाण्यावर. त्यातनं झाडात बदल होतात, बहुतेक बिनकामाचेच, मग पिढ्यान् पिढ्या लावून चांगलं झाड निवडायचं, संकर करायचा, विद्यापीठांच्या प्लॉटवर चाचण्या घ्यायच्या, वर्षं जातात यात. आणि हाताचा एक्स-रे काढला म्हणून हातातनं किरणं बाहेर पडत नाहीत ना? तसंच हे. तुमच्या पिशवीतल्या बियाण्यानं तर किरणं बघितलेली पण नाहीत. बिनधास्त खावा. आपल्याकडं टीएयू-१ उडीद कितीतरी जणांनी लावलाय, तो पण तिथलाच.

माझी काळजी वेगळीच आहे, ती वळवाच्या पावसाची. ही उपटी (न पसरणारी, झुपक्यासारखी उभी वाढणारी) जात, शेंगा तयार झाल्या की ओल मिळाल्याबरोबर जमिनीतच उगवायला लागतात, त्यामुळं वळवाच्या आत काढणी व्हावी म्हणून पेरणी १५ फेब्रुवारीच्या पुढं ढकलू नका. एकरी ४० किलो बी, दोन ओळींत ३० आणि दोन रोपांत १० सेंमी अंतर. जिप्सम (कॅल्शियम-गंधकाचं खत) एकरी २०० किलो, निम्मं पेरताना आणि निम्मं आऱ्या (फुलातनं जमिनीत शिरणारे, शेंग धरणारे दांडे) सुटताना, हे दुसरं निम्मं लोक हमखास विसरतात आणि मग पोचट शेंगा निघाल्या की बियाण्याला शिव्या. आऱ्या सुटल्यावर कोळपं (तण काढायचं अवजार) घालायचं नाही.

कागलच्या ताईंचा प्रश्न, कांद्याला किरणं मारून घेतली तर टिकतो का. कोंब येत नाहीत, खरंय. नाशिक जिल्ह्यात लासलगावला त्याचं केंद्र २००२ पासून आहे. पण सड थांबत नाही, आणि चार पोत्यांसाठी इथनं लासलगावचं भाडं? परवडत नाही ओ, पात वाळवून चांगली हवेशीर कांदाचाळ करा.

आणि दादा, ट्रॉम्बेला बियाण्यासाठी फोन लावू नका, त्यांचं काम जात काढायचं, बी महाबीज (राज्याचं बियाणे महामंडळ) नाहीतर विद्यापीठाकडं बघा. प्रमाणित पिशवीला निळा टॅग असतो, तो आणि पावती शेंगा घरात येईपर्यंत टाकू नका.