पुरुषाला शोभतं म्हणजे काय?

लग्नसराई जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये कोट, बंदगळा, फेटे यांची गर्दी होते. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला उत्तर लांबलं आहे, कारण तो प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. गिरगावात वडिलांच्या दुकानात टेप गळ्यात अडकवली तेव्हापासून तो माझ्यासमोर उभा आहे.

प्रश्न : माझा मुलगा चोवीस वर्षांचा, नोकरी उत्तम. पण कपडे बघवत नाहीत. गुलाबी सूट, फुलाफुलांचे शर्ट, कोटावर ब्रोच, आणि पाडव्याच्या शोभायात्रेपासून कानात भिकबाळी. नातेवाईक तोंडावर विचारतात. माझ्या वडिलांनी जन्मभर पांढरं सोडून दुसरा रंग अंगाला लावला नाही. पुरुषाला हे शोभतं का? त्याला कसं समजवावं?
— एक वडील, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. समजावू नका, अशी माझी विनंती आहे.

भिकबाळी तर पुरुषाचाच दागिना. जेम्स वेल्स हा चित्रकार १७९२मध्ये पुण्यात आला आणि त्याने सवाई माधवराव पेशव्यांचं नाना फडणवीसांसह चित्र काढलं. ते एकदा नीट बघा. अंगावर पांढरंशुभ्र तलम वस्त्र आणि त्यावर मोत्यांच्या माळा, रत्नं. राज्याच्या धन्याने असं सजावं यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. पुरुषाने नटू नये हा नियम आपल्या पणजोबांचा नव्हे. तो बराच अलीकडचा आहे आणि त्याचं मूळ बऱ्याच अंशी लंडनमध्ये आहे.

तिथेही आधी रंगच होता. १७६०-७०च्या सुमारास इटली फिरून आलेल्या श्रीमंत तरुणांना ‘मॅकरोनी’ म्हणत. हातभर उंच केसांचे टोप, तंग रंगीत कोट, भरतकाम, नाजूक बूट. व्यंगचित्रकारांनी त्यांना सोलून काढलं. मग १७९५मध्ये केसांना लावायच्या पावडरीवर सरकारने वर्षाला एक गिनी कर बसवला आणि कित्येकांनी पावडर सोडून केस बारीक केले. त्याच सुमाराला जॉर्ज ब्रमेल नावाचा तरुण फौजेत होता. ‘बो ब्रमेल’ म्हणून जग ओळखतं तो हाच. घराणं सरदारांचं नव्हतं, वडील एका पंतप्रधानांचे चिटणीस. पण इंग्लंडचा युवराज त्याच्या घरी जाऊन त्याला कपडे करताना बघत बसे.

आणि काय घालायचा हा माणूस? गडद निळा कोट, फिकट पिवळसर वेस्टकोट, त्याच छटेची विजार, काळे बूट. जरीकाम नाही, भरतकाम नाही, अत्तरसुद्धा नाही. रोज आंघोळ, रोज दाढी आणि परीटघडीचं स्वच्छ कापड, एवढ्यावर त्याची सगळी ऐट. गळ्याशी मलमलीचा क्रॅव्हॅट, म्हणजे गळ्याभोवती गुंडाळून बांधायचं कापड, त्याला हलकी खळ. तो बांधून हनुवटी हळूहळू खाली आणायची, म्हणजे चुण्या बसतात. एक चुणी चुकली की कापड बाद, दुसरं घ्यायचं. त्याचा नोकर चुरगळलेल्या क्रॅव्हॅटचा ढीग घेऊन जिना उतरत होता, कुणी विचारलं तर म्हणाला, “ही आमची फसलेली,” असा किस्सा सांगतात.

आज ऑफिसात दिसणारा गडद सूट त्याच वाटेने आला. गंमत अशी की जगाने त्याचा गडद रंग उचलला आणि त्याची मेहनत तिथेच सोडली. पुरुषाने साधं राहावं, याचा अर्थ पुरुषाने कपड्यांकडे बघूच नये, असा झाला. याचं मला फार वाईट वाटतं. पोराच्या मुंजीत बाप ढगळ, खांदा उतरलेला कोट घालून उभा असतो आणि त्याला साधेपणा म्हणतात. तुमच्या वडिलांचा पांढरा सदरा मात्र साधा असला तरी हेळसांडीचा नसणार. जन्मभर पांढरं वापरणाऱ्या माणसाला डाग, नीळ, इस्त्री यांचं भान रोज ठेवावं लागतं. तुमचा मुलगा आजोबांवर गेला असेल, असंही मला वाटतं.

ब्रमेलचा शेवट चांगला झाला नाही, हेही सांगतो. जुगाराच्या कर्जापायी १८१६मध्ये तो रातोरात फ्रान्सला पळाला आणि १८४०मध्ये तिथल्या काँ शहरात वेड्यांच्या इस्पितळात वारला. त्याला बुडवलं पत्त्यांनी.

आपल्यातला दाखला हवा असेल तर इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, जन्म १९०८. फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मॉनव्हेल यांनी त्यांची दोन मोठी चित्रं केली. एकात काळा टेलकोट, पांढरा वेस्टकोट, खांद्यावर लांब काळा झगा. दुसऱ्यात पांढरा मराठी पोशाख, पगडी आणि गळ्यात ‘इंदूर पेअर्स’, प्रत्येकी सुमारे ४७ कॅरटचे दोन हिरे. शिंप्याच्या नजरेने सांगतो, हिरे झाका आणि पुन्हा बघा. ऐट तसूभरही कमी होत नाही, कारण दोन्ही पोशाख त्या सडपातळ अंगावर असे बसले आहेत की कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही.

तेव्हा मुलाशी रंगावरून भांडू नका. त्याच्या गुलाबी कोटाचा खांदा बघा. शिवण खांद्याच्या हाडावर संपते का, मानेमागे कॉलर शर्टाला चिकटून बसते का, बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसतो का. हे जमलं असेल तर पोरगं शिकतंय. जमलं नसेल तर त्याला चांगल्या शिंप्याकडे घेऊन जा, आणि तुमचंही माप द्या.

प्रश्न : मे २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मेट गाला’ या फॅशन सोहळ्याला शाहरुख खान आणि दिलजित दोसांझ गेले, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या ‘डँडी’ म्हणजे ऐटबाज पोशाख करणाऱ्या पुरुषांच्या परंपरेबद्दल वाचलं. त्यातून काँगोतल्या ‘सापर’ लोकांचे फोटो पाहिले. चिखलाच्या गल्लीत लिंबाच्या रंगाचा सूट! पोटाला चिमटा काढून हे करणं मला पटत नाही. तुमचं मत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कर्ज काढून केलेला सूट मलाही पटत नाही, आणि तिथे असं होतं हे खरं आहे. तरी फोटोवरून निकाल देऊ नका.

ब्राझाव्हिलमधला बाकोंगो हा भाग आणि नदीपलीकडचं किन्शासा ही सापर मंडळींची ठिकाणं. आठवडाभर कुणी टॅक्सी चालवतो, कुणी वायरिंगची कामं करतो आणि सुट्टीच्या दिवशी सूट, टोपी, छडी घेऊन रस्त्यावर उतरतो. नियम कडक आहेत: एका वेळी तीनपेक्षा जास्त रंग नकोत, वागणं सभ्य हवं, मारामारी नको. कपडे एकमेकांत उसने दिले-घेतले जातात. हा सूट मुळात गोऱ्या साहेबाचा, तो त्यांनी साहेबापेक्षा देखणा घालून दाखवला. पुढे किन्शासाच्या बाजूला तिथला हुकूमशहा मोबुटू याने सूट-टाय बंद करून ‘आबाकोस्त’ नावाचा बंद गळ्याचा कोट लादला, तेव्हा पापा वेम्बा या गायकाच्या मागे तरुण पोरं सूट घालून उभी राहिली. म्हणजे आधी साहेब आणि मग हुकूमशहा, दोघांनाही त्यांनी कपड्यातूनच उत्तर दिलं.

अमेरिकेत १९४०च्या दशकात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची पोरं ‘झूट सूट’ घालत. विजार छातीच्या जवळ चढवलेली, गुडघ्याशी प्रचंड घेर, घोट्याशी आवळलेली. वर गुडघ्याला टेकणारा रुंद खांद्यांचा कोट. युद्धामुळे १९४२मध्ये लोकरीच्या कापडावर निर्बंध आले आणि एवढं कापड अंगावर घेणं देशद्रोहासारखं मानलं गेलं. जून १९४३मध्ये लॉस एंजेलिसला नौदलाच्या शिपायांनी अशा पोरांना गाठून मारलं, भर रस्त्यात त्यांचे कपडे उतरवले. कोट फक्त कापडाचा असता तर तो फाडायला कुणी कशाला धावलं असतं?

आपल्याला हे कळायला काँगोपर्यंत जायची गरज नाही. डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं, की जातीची ओळख पटवणारी लुगड्याची पद्धत आणि ते दागिने सोडा. स्वतः ते सूट-टायमध्ये वावरले आणि गावोगावच्या पुतळ्यांतही निळ्या सुटात उभे आहेत. त्याला छानछोकी म्हणण्याची चूक मी करणार नाही. पण अंगावर काय घालायचं हे दुसऱ्याने ठरवलेलं ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं, त्यांच्या इस्त्रीच्या कोटाचा हिशेब पैशात मांडू नये, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे.

प्रश्न : मेमध्ये भावाचं लग्न आहे. मला जांभळा मखमली बंदगळा शिवायचा आहे. उंची पाच फूट तीन इंच. चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जांभळा जरूर, मखमल नको. मेच्या दुपारी मांडवात मखमलीत घामाघूम व्हाल. टसर घ्या किंवा चांगलं लिनन. लिनन असेल तर कापण्याआधी भिजवून, वाळवून घ्या. अस्तर फक्त पाठीच्या वरच्या भागाला आणि बाह्यांना लावायला सांगा, म्हणजे वारा खेळतो.

विजार त्याच रंगाची ठेवा. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच रंग गेला की उंची जास्त दिसते. कोट लांब करून घेऊ नका, पाय आखूड दिसतील. बैठक जेमतेम झाकली की पुरे. कॉलर बंद केल्यावर आत एक बोट सहज जायला हवं. आणि मुंढा, म्हणजे काखेशी बाही जोडतात तो घेर, वर ठेवायला सांगा, नाहीतर अक्षता टाकायला हात उचलला की सगळा कोट वर येईल. हे कापण्याआधीच बजावा, खाली कापलेला मुंढा मागाहून वर नेता येत नाही. शिंप्याकडे कापड लग्नाच्या महिनाभर आधी टाका, दोन ट्रायल व्हायला तेवढे दिवस लागतातच.