जुन्या चामडी पर्स : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

घरातील जुन्या वस्तूंच्या जतनाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत चामडी पर्स आणि बॅगांविषयीची पत्रे सर्वाधिक होती, म्हणून हे सदर या वेळी त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. दुरुस्ती शक्य तेवढी थोडी करावी आणि जी करावी ती पुढे कोणाला सोडवून पुन्हा करता येईल अशी करावी, या भूमिकेतून सर्व उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या आत्याने 1980 च्या सुमारास न्यूयॉर्कहून आणलेली कोच कंपनीची तपकिरी पर्स आता माझ्याकडे आली आहे. चामडे मळलेले आणि कोरडे आहे. अशा पर्स साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या की नव्यासारख्या होतात, असे मी चित्रफितींत पाहिले. तसे करावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशातील काही संग्राहक ही पद्धत वापरतात, हे खरे आहे. त्या काळातील कोचच्या बऱ्याच पर्सना अस्तर नसे आणि चामडेही जाड असे, त्यामुळे काही पर्स या स्नानातून सुखरूप बाहेर पडतात. ज्या पडत नाहीत, त्यांच्या चित्रफिती मात्र सहसा कोणी दाखवत नाही.

चामडे स्वभावतः आम्लधर्मी असते. त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक; अंक जितका कमी, तितके आम्ल अधिक) साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असतो, तर अंगाच्या साबणाचा सामू 9 ते 10 पर्यंत जातो. चामडे कमावून झाल्यावर कारागीर त्यात जो स्निग्धांश मुरवतो, त्यामुळे तंतू एकमेकांवर सहज सरकतात आणि चामडे मऊ राहते. साबणाच्या पाण्यात हा स्निग्धांश निघून जातो, रंगही थोडाफार सुटतो आणि वाळताना तंतू एकमेकांना चिकटून चामडे ताठर होते. त्यानंतर कितीही क्रीम चोळले, तरी मूळचा लुसलुशीतपणा पूर्णपणे परत येत नाही. तळाशी पुठ्ठा असेल तर तोही फुगतो.

त्याऐवजी पर्स रिकामी करून मऊ ब्रशने शिवणींतील धूळ काढावी. नंतर सुती कापड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घट्ट पिळावे आणि आधी पट्ट्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूवर फिरवून पाहावे. कापडाला रंग लागला, तर तेथेच थांबावे. लागला नाही, तर थोडा थोडा भाग पुसत जावे आणि पर्स सावलीत पूर्ण दिवसभर वाळू द्यावी. त्यानंतर चामड्याचे रंगहीन क्रीम वाटाण्याएवढे घेऊन ते संपूर्ण पर्सवर पुरवावे. दुसरा हात द्यायची घाई करू नये; आठवड्याने चामडे कोरडे वाटले, तरच द्यावा.

आपल्या पर्सला पितळेची फिरकी (फिरवून पर्स बंद करायची कडी) असेल, तर तिला विशेष जपावे. 1941 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या या कंपनीकडे 1962 मध्ये बॉनी कॅशिन ही डिझायनर आली आणि तिने 1964 मध्ये ही फिरकी आणली. फिरकीभोवती हिरवट, मेणचट थर दिसत असेल, तर पितळेतील तांबे आणि चामड्यातील स्निग्धांश यांच्या संयोगातून तो तयार झालेला असतो. लाकडी दातकोरणीने आणि कोरड्या कापसाने तो निघतो. चिंच, लिंबू किंवा देवाची भांडी घासायची पावडर तेथे मुळीच वापरू नये, कारण त्यांतील आम्ल फिरकीच्या कडेने चामड्यात उतरते आणि पितळ चकचकीत झाले तरी भोवतालचे चामडे काळे पडते. पर्सच्या आत उमटवलेला मजकूर आणि क्रमांक यांनाही घासू नये, कारण पर्सचा काळ ठरवण्यासाठी त्यांचाच आधार घ्यावा लागतो.

प्रश्न : 2019 च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले. आईची शांतिनिकेतनची पर्स त्यात भिजली आणि आम्ही ती गच्चीवर उन्हात वाळवली. आता ती कडक आणि वाकडी झाली आहे, नक्षीचे रंग एकमेकांत मिसळले आहेत, आतून कुबट वास येतो आणि काळे ठिपके दिसतात. काही करता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या पत्रासारखीच आणखी काही पत्रे कृष्णाकाठच्या गावांतून आली आहेत, म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देत आहे.

आधी या पर्सविषयी थोडे सांगतो. 1922 साली स्थापन झालेल्या श्रीनिकेतन या शांतिनिकेतनजवळच्या, रवींद्रनाथ टागोरांच्या ग्रामोद्धार संस्थेतील हस्तव्यवसायाच्या प्रयोगांतून चामड्यावरील नक्षीची ही कला वाढली आणि आज शांतिनिकेतनच्या चामडी वस्तूंना भौगोलिक मानांकनही आहे. बकरीचे किंवा मेंढीचे, झाडाच्या सालीसारख्या वनस्पतींच्या रसात कमावलेले पातळ चामडे, त्यावर दाबून उठवलेली नक्षी, हाताने भरलेले रंग आणि कडेने चामड्याच्याच बारीक वादीची वीण, असे तिचे स्वरूप असते. आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत एके काळी ही पर्स कौतुकाने वापरली जाई. तिचे रंग पाण्यात आणि स्पिरिटमध्ये सुटणारे असल्यामुळे ती भिजली की नक्षीची सर्वाधिक हानी होते.

उन्हाने झालेली हानी मात्र वेगळी आहे. झाडाच्या सालीने कमावलेले धडधाकट चामडे ओले असताना साधारण 75 ते 85 अंश सेल्सियसला आकसते, आणि जीर्ण चामडे त्याहून बऱ्याच कमी तापमानाला आकसते. तापलेल्या गच्चीवर ओली पर्स ठेवली, की कडा आणि कोपरे आधी गोळा होतात. तो भाग नखाने दाबून पाहावा. तो काचेसारखा टणक आणि थोडा पारदर्शक झाला असेल, तर तेथील तंतू विरघळून गोठले आहेत असे समजावे. तो भाग पूर्ववत होणार नाही. बाकीचा भाग नुसता ताठर असेल, तर आशा आहे.

पहिले काम बुरशीचे आहे आणि ते कोरड्या हवेच्या दिवसांत, शक्यतो फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये, घराबाहेर करावे. तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने बुरशी आपल्यापासून दूर झाडावी आणि तो ब्रश नंतर इतर कशालाही वापरू नये. काळे डाग बहुधा राहतील; ते घालवण्यासाठी ब्लीच किंवा स्पिरिट लावल्यास डागाबरोबर नक्षीही जाईल. वासासाठी झाकणाच्या मोठ्या डब्यात पर्सशेजारी वाटीत खाण्याचा सोडा किंवा कोळसा ठेवून डबा काही दिवस बंद ठेवावा. सोडा चामड्याला लागू देऊ नये.

बुरशी गेल्यावर आकाराकडे वळावे. त्याच डब्यात तळाशी ओलसर टॉवेल, त्यावर प्लास्टिकची जाळी आणि जाळीवर पर्स ठेवावी. टॉवेल पर्सला टेकता कामा नये. दर तासाला पाहत राहावे. चामडे थोडे नरम वाटले, की पर्स बाहेर काढून आत पांढरा, कोरा कागद हळूहळू भरत तिला आकार द्यावा आणि सावलीत वाळू द्यावे. वर्तमानपत्राची शाई लागते, म्हणून ते वापरू नये. जोर लावून घडी उलटवू नये. एका खेपेला जेवढे होईल, तेवढेच करावे. मिसळलेल्या रंगांवर नवा रंग चढवण्याचा सल्ला मी देणार नाही. उठवलेली नक्षी शाबूत असेल, तर फिकट रंगातही ती सुरेख दिसते आणि ती पर्स आपल्या आईचीच राहते.

पुढे कधी चामडे भिजलेच, तर ते स्वच्छ पाण्याच्या ओल्या कापडाने टिपून, आत कोरा कागद किंवा सुती कापड भरून, पंख्याच्या दूरच्या वाऱ्यावर काही दिवस वाळवावे आणि आतला कागद वारंवार बदलावा.

प्रश्न : आजोबांची डॉक्टरी बॅग माळ्यावर सापडली. हात लावला की बोटांना तांबूस भुकटी लागते. पॉलिश करून घेऊ का? (एक वाचक, वाई)

उत्तर : पॉलिश करू नये आणि ओले कापडही लावू नये. ही बॅग बहुधा एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धाटणीची, वर पितळी चौकट असलेली असावी. या भुकटीला रेड रॉट म्हणतात. सालीतील टॅनिन या तुरट द्रव्याने कमावलेले चामडे हवेतील गंधकयुक्त वायू वर्षानुवर्षे शोषते, आतल्या आत आम्ल तयार होते आणि तंतूंचे तुकडे पडतात. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने नेमलेल्या समितीने पुस्तकांच्या चामडी बांधणीबाबत याच दुखण्याचा अभ्यास करून 1901 मध्ये अहवाल दिला होता. झालेली झीज भरून येत नाही. पाणी लागले, तर असे चामडे काळे पडून कायमचे कडक होते. जतनतज्ज्ञ अल्कोहोलमध्ये विरघळवलेले हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज नावाचे द्रव्य पातळ करून लावतात. त्याने भुकटी गळणे थांबते, पण चामड्याला बळ येत नाही. म्हणून ही बॅग मुठीने उचलू नये, दोन्ही हात तळाशी घालून उचलावी आणि सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावी.

प्रश्न : पर्स मऊ राहावी म्हणून मी दर दिवाळीला खोबरेल तेल लावते. हिवाळ्यात तिच्यावर पांढरा थर येतो. ही बुरशी आहे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : बहुधा नाही. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजते, हे आपण थंडीत बाटलीत पाहतोच. चामड्यात मुरलेले तेलही तसेच थिजून पृष्ठभागावर येते. केस वाळवण्याचे यंत्र मंद ठेवून लांबून क्षणभर वारा द्यावा. थर विरघळून दिसेनासा झाला, तर ते तेल आहे आणि ते कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. न विरघळता केसाळ दिसत राहिला, तर ती बुरशी आहे. यापुढे खोबरेल तेल बंद करावे, कारण ते खवट होते, चामडे काळवंडवते आणि धूळ धरून ठेवते.

प्रश्न : माझ्या जुन्या पर्सचा पट्टा मुळाशी उसवला आहे. दुरुस्तीवाले मशीन मारून देतो म्हणतात. चालेल का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : मशीनची सुई जुन्या छिद्रांच्या शेजारी नवी छिद्रे पाडते. जीर्ण चामड्यात छिद्रांची अशी दाट रांग झाली, की पट्टा तेथूनच फाटतो. आपल्या भागात याहून चांगला उपाय हाताशी आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात कोल्हापूर आणि सोलापूरबरोबर सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे हाताळण्यात या कारागिरांच्या पिढ्या गेल्या आहेत, आणि जुन्या पर्सचे चामडे अनेकदा याच जातीचे असते. असा कारागीर शोधावा आणि त्याला घाई न करता काम समजावून सांगावे.

जुनी छिद्रे आरीने न वाढवता, त्याच छिद्रांतून, एका मेणदोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून दोन्ही बाजूंनी शिवायला सांगावे. या शिवणीत एक टाका तुटला, तरी शेजारचे टाके धरून राहतात, कारण प्रत्येक छिद्रातून दोरा दोनदा गेलेला असतो. पट्ट्याचे मूळच झिजले असेल, तर मागून पातळ चामड्याचे ठिगळ द्यावे. मात्र त्याची कड रापीने तासून निमुळती करायला सांगावी, नाहीतर ठिगळाची धार आतून चामडे कापते. रबरी सोल्यूशन शक्यतो टाळावे, कारण काही वर्षांनी ते काळे, चिकट होते आणि काढता काढता चामड्याचा थर घेऊन येते. या कामाला वेळ लागतो, म्हणून नव्या पट्ट्याच्या किमतीशी तुलना न करता कारागिराला त्याचे पैसे मनापासून द्यावेत.

प्रश्न : माझ्या वीस वर्षांच्या पर्सचे पापुद्रे निघत आहेत. (एक वाचक, विटा)

उत्तर : पापुद्र्याखाली विणलेले कापड दिसत असेल, तर ते चामडे नसून कापडावरचा प्लास्टिकचा लेप आहे. दमट हवेने असा लेप रासायनिकरीत्या तुटत जातो आणि त्यावर टिकाऊ उपाय नाही.

प्रश्न : मला जुन्या चामडी बॅगांचा संग्रह सुरू करायचा आहे. महागड्या परदेशी पर्स परवडणार नाहीत. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आपल्या भोवतालच्या घरांतूनच करावी. शांतिनिकेतनच्या पर्स, डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या बॅगा, एसटीच्या वाहकांच्या चामडी पैशाच्या पिशव्या आणि 1978 साली पुदुच्चेरीत सुरू झालेल्या हायडिझाइन कंपनीच्या जुन्या बॅगा इकडे अजून मिळू शकतात. या वस्तूंचा अभ्यास आपल्याकडे फारसा झालेला नाही, म्हणूनच त्या जमवण्यात मला अधिक अर्थ वाटतो.

बाजारात बॅग हाती घेतली, की वरच्या चकाकीकडे न पाहता आधी कापलेली कड पाहावी. कड आतपर्यंत तपकिरी असेल, तर चामडे सालीने कमावलेले असण्याची शक्यता अधिक. मधोमध निळसर-राखाडी रेघ दिसली, तर ते क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले. मग तळाचे कोपरे, पट्ट्याचे मूळ आणि अस्तराचा वास तपासावा. ताजे, गडद पॉलिश असलेल्या बॅगेपासून सावध राहावे, कारण त्याखाली भेगा लपवलेल्या असू शकतात; मळकी पण न छेडलेली बॅग केव्हाही घ्यावी. घरी आणल्यावर ती काही आठवडे इतर बॅगांपासून वेगळी ठेवावी, म्हणजे बुरशी किंवा कीड असल्यास ती पसरणार नाही.

साठवणीसाठी प्लास्टिकची पिशवी नको, जुन्या सुती साडीचा खोळ उत्तम. हवेतील सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरू लागते, म्हणून कपाटात एक आर्द्रतामापक ठेवावा आणि पावसाळ्यात कोरड्या दिवशी कपाटाची दारे उघडून पंखा लावावा. डांबरगोळ्या चामड्याला टेकू देऊ नयेत. प्रत्येक बॅगेसोबत ती कोणी, कोठे, कोणत्या कामासाठी वापरली आणि आपण तिच्यावर काय दुरुस्ती केली, हे तारखेसह लिहिलेला कागद ठेवावा. देणाऱ्या घरातील वडीलधारी माणसे आहेत, तोवर त्यांच्याकडून ही माहिती पहिल्याच भेटीत विचारून घ्यावी.