अंगावर पाजताय आणि लस घ्यायचीय? तुमचे प्रश्न

बाळ तीन महिन्यांचं आहे, मला फ्लूचं इंजेक्शन घ्यायचंय. सासूबाई म्हणतात दोन दिवस पाजू नकोस, दूध काढून टाकून दे. खरंच टाकायचं का?

अजिबात नाही! इंजेक्शन घेऊन तिथेच बसून बाळाला पाजलंत तरी चालेल. फ्लूच्या इंजेक्शनमध्ये जिवंत व्हायरस नसतोच, त्यामुळे दुधातून बाळाला फ्लू होण्याचा प्रश्नच येत नाही. उलट दोन दिवस पाजणं थांबवलं की दूध साचून गाठी होतात, दूध कमी व्हायला लागतं, आणि बाळ बिचारं उगाच वरच्या दुधावर जातं, हा सल्ला ऐकला की मला खरंच वाईट वाटतं. आणि हो, सहा महिन्यांच्या आत बाळाला स्वतःला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून आईने आणि घरातल्या बाकीच्यांनी घेणं जास्त गरजेचं. सासूबाईंनाही सोबत न्या.

दुधात अँटीबॉडी येतात म्हणजे नक्की काय येतं?

अँटीबॉडी म्हणजे जंतूंना ओळखून रोखणारी प्रथिनं. दुधात मुख्यतः आयजीए नावाची अँटीबॉडी असते, पहिल्या काही दिवसांच्या चिकात तर ती भरपूर. आईच्या आतड्यात किंवा श्वासनलिकेत जे जंतू येतात त्यांना ओळखणाऱ्या पेशी रक्तातून स्तनात येऊन बसतात आणि तिथे अँटीबॉडी बनवतात, म्हणजे आई ज्या जंतूंमध्ये वावरते नेमक्या त्यांच्याच विरुद्धची मदत बाळाला दुधातून मिळत राहते, मला तर ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी भारीच वाटते. लसीनेही दुधात अँटीबॉडी वाढतात. २०२१ मध्ये इस्रायलमध्ये कोविडची फायझरची लस घेतलेल्या ८४ आयांचं दूध तपासलं, पहिल्या डोसनंतर दोन आठवड्यांनी सुमारे ६२ टक्के नमुन्यांत आयजीए सापडली, आणि चौथ्या आठवड्यात, म्हणजे दुसऱ्या डोसनंतर आठवड्याभराने, ८६ टक्क्यांत. त्यामुळे आज लस घेतली आणि उद्या दुधात अँटीबॉडी असं होत नाही, थोडा वेळ द्यावा लागतो.

मी सगळ्या लसी घेतल्यात आणि बाळ फक्त अंगावरच पितं, मग त्याच्या लसी थोड्या उशिरा दिल्या तर चालतील ना?

नाही, प्लीज असं करू नका. दुधातली आयजीए बाळाच्या रक्तात फारशी जात नाही, ती घशाच्या आणि आतड्याच्या आतल्या बाजूला अस्तरासारखी राहते आणि जंतूंना चिकटू देत नाही. जुलाब, सर्दी-खोकला यांत त्याचा उपयोग होतो, पण पाजणं बंद केलं की ती मदतही संपते आणि बाळाचं शरीर स्वतः काही शिकलेलं नसतं. रक्तातल्या अँटीबॉडी बाळाला गरोदरपणातच वारेतून मिळतात, म्हणून तर डांग्या खोकल्याची लस गरोदरपणी, साधारण २७ ते ३६ आठवड्यांत घ्यायला सांगतात, पण त्याही काही महिन्यांत कमी होतात. बाळाच्या लसी वेळेवरच द्या. रोटाव्हायरसचे थेंब देताना आधी-नंतर पाजणं थांबवायचीही गरज नाही.

जिवंत लसी पण चालतात का?

गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस चालते. रुबेलाच्या लसीतला व्हायरस कधी कधी दुधात सापडतो, पण बाळाला त्याचा त्रास सहसा होत नाही. अपवाद मात्र पिवळ्या तापाच्या लसीचा! आईने ती घेतल्यावर अंगावर पिणाऱ्या अगदी लहान बाळाला मेंदूचा दाह झाल्याची केस २००९ मध्ये ब्राझीलमध्ये घडलीय. त्यामुळे ही लस लागते अशा देशात जायचं असेल आणि बाळ लहान असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, शक्य असेल तर प्रवासच पुढे ढकला.

लसीनंतर मला ताप आला तर गोळी घेऊन पाजू का?

हो, पॅरासिटामॉल घ्या आणि पाजत राहा. पाणी जास्त प्या. ताप दोन दिवसांच्या वर राहिला किंवा छातीत लाल, दुखरी गाठ झाली तर लसीमुळेच असेल म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवून घ्या.