गटात जा, पण आधी यादी मागा

भाऊ, 'चार एकर हळद-सोयाबीन आहे, रासायनिक बंद करून वर्ष झालं, एक संस्था फुकटात सेंद्रिय प्रमाणपत्र देते म्हणते, गटात जाऊ का?' हे तुमचं वाचलं आणि आमचाच जुना घोळ आठवला. जीवामृत-दशपर्णीसारख्या घरच्या खत-औषधांचं सांगणारे इथं पुष्कळ आहेत, मी कागदाचंच बोलतो.

एनपीओपीत, म्हणजे केंद्र सरकारच्या सेंद्रिय प्रमाणपत्राच्या कार्यक्रमात, गटाचं प्रमाणपत्र गटाच्या नावानं निघतं. तुम्ही म्हणजे मागं जोडलेल्या यादीतली एक ओळ: नाव, जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, पीक. विक्रीची टीसी, म्हणजे विकलेला माल सेंद्रिय असल्याचा दाखला, तीही गटच काढतो. बाहेर कुणी चढा भाव दिला तरी तुमच्या हातातला माल कागदोपत्री साधाच. आमच्याकडं संस्थेच्या पोरानं रानात पाय न टाकता पारावर बसून फॉर्म भरले. यादी मिळाली तेव्हा आमच्या ओळीत सोयाबीन होतं, तूर होती, हळद गायब! यादीत पीक नाही तर टीसी नाही. ऑफिसात गेलं की 'साहेब फिल्डवर आहेत.' शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद मोंढ्यात साध्या भावानं गेली. पुढं अनुदान आटलं, संस्थेनं नूतनीकरणाची फी भरली नाही, आणि अख्खा गट उघड्यावर. फुकट म्हणतात ते असं असतं.

म्हणून सहीआधी विचारा: अनुदान संपल्यावर फी कोण भरणार, माल त्यांनाच द्यायची अट आहे का? यादीची झेरॉक्स दरवर्षी घ्या, एकेक पीक तपासा. आणि तुमचं 'वर्ष झालं' लगेच धरून चालू नका. हंगामी पिकाला पेरणीआधी २ वर्षं, फळबागेला पहिल्या तोडणीआधी ३ वर्षं रूपांतरणाची, म्हणजे रासायनिकातून सेंद्रियात यायची, आणि मोजणी साधारण नोंदणीपासून. मागचं धरायचं का, ते प्रमाणपत्र देणारी एजन्सी पुरावे बघून ठरवते.

माझं मत विचाराल तर, शहरात थेट गिऱ्हाईक असेल तर पाच शेतकरी जमवून पीजीएस करा, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची रानं तपासून द्यायचं प्रमाणपत्र. निर्यातीला ते चालत नाही, पण निर्यात करतंय कोण? अर्थात मी काही अधिकारी नाही, नियम बदलत असतात, एनपीओपी चालवणाऱ्या अपेडा या केंद्राच्या संस्थेच्या साइटवर ताजे बघूनच पाऊल टाका.

जाता जाता: फवारणीचा पंप शेजाऱ्याला उसना देऊ नका, भांडण झालं तरी चालेल. तणनाशकाचा पंप नुसता विसळून निघत नाही. सोयाबीनचं बियाणंही घरचंच ठेवा, पिशवीतलं लाल-गुलाबी औषध चोळलेलं तपासणीत अडकतं.