ठाण्यात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट कसा निवडावा?

आईचा गुडघा बदललाय, घर नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि फिजिओ घरी बोलवावा की क्लिनिकला न्यावं, हा तुमचा प्रश्न. जिना जमेपर्यंत घरीच बोलवा. आणि नौपाडा-पाचपाखाडीतलाच बघा. घोडबंदर रोडवरून येणारा कितीही हुशार असला तरी संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये त्याच्या सहाचे आठ होतात, आणि जेवून पेंगुळलेल्या माणसाकडून व्यायाम होत नाहीत.

डिग्री बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) किंवा एमपीटी (त्यातली पदव्युत्तर पदवी) हवी. एमपीटीत हाडं-सांधे, न्यूरो, हृदय-श्वसन, स्पोर्ट्स अशा वेगवेगळ्या शाखा असतात. शेजाऱ्यांनी पॅरालिसिसच्या पेशंटसाठी उत्तम म्हणून सांगितलेला माणूस गुडघ्यासाठीही तितकाच तयार असेल असं नाही, म्हणून 'गुडघे बदललेले पेशंट नेहमी बघता का?' हे सरळ विचारा. राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार (म्हणजे फिजिओथेरपी) परिषदेचा नोंदणी क्रमांक मागायलाही लाजू नका. मालिशवालेही बिनधास्त कार्डावर फिजिओ छापतात.

खरी पारख पहिल्या दिवशी होते. बाबांच्या वेळी ज्या मॅडम यायच्या, त्यांनी आल्या आल्या डिस्चार्ज कार्ड वाचलं, मग बाथरूम बघायला मागितलं. कमोड बुटका आहे, वर उंच सीट बसवा, दारातलं पायपुसणं उचला, असं सांगून मगच गुडघ्याला हात लावला. कोन मोजायची पट्टी धरून गुडघा किती वाकतो आणि किती सरळ होतो ते बघितलं, आणि दोन्ही आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिले. पुढे दर आठवड्याला तसंच. वाकण्याचा काटा नव्वद अंशांच्या पुढे सरकला की बाबा स्वतःच फोन करून सगळ्यांना सांगायचे! जिनाही मॅडमनीच शिकवला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

त्याआधी एका क्लिनिकचा अनुभव घेतला होता. पडद्याआड पाच खाटा, मशीन लावायचं, बेल वाजली की 'उद्या या'. मशीन वाईट नाही, दुखणं थोडं कमी होतं, पण त्याने मांडीत ताकद येत नाही. ती व्यायामानेच येते. घरी मशीन आणणारा असेल तर कुठलं ते विचारा. धातूचा सांधा बसवलेल्या जागी शॉर्टवेव्ह डायथर्मीचा (विद्युतलहरींनी आत खोलवर ऊब देणाऱ्या मशीनचा) शेक देत नाहीत. त्यावर तो गडबडला तर तिथेच नमस्कार करा.

महिन्याचं पॅकेज आगाऊ भरू नका, सवलत कितीही असो. चार-पाच व्हिजिटनंतर आईलाच विचारा. वाकवताना दुखणारच, पण पायावर जोर टाकून गुडघा दाबणारा नको. बाई हवी असं आई म्हणाली तर तेही ऐका, मोकळेपणाने व्यायाम होतो.

वाचणाऱ्यांपैकी कुणी नेरुळ-कामोठ्याकडचं असेल आणि पेशंट चालता-फिरता असेल, तर डी. वाय. पाटील आणि एमजीएमची फिजिओथेरपी कॉलेजं तिथेच आहेत. विद्यार्थी व्यायाम घेतात, वर शिक्षकांची नजर असते.

आणि हो, पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली किंवा धाप लागली, तर फिजिओच्या वेळेची वाट न बघता थेट सर्जनला फोन करा.