वाचक विचारतात : दोन मोठ्या नद्यांच्या बेचक्यातलं केरो

मागच्या वेळी अमेरिकेतल्या नदीकाठच्या छोट्या शहरांबद्दल लिहिताना मी इलिनॉयमधल्या केरोचं नाव नुसतं ओझरतं घेतलं होतं, आणि पत्रं आली ती जास्त करून त्या एका नावावरच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, उत्तरं थोडी लांबलीत, चालवून घ्या.

प्रश्न : शिकागोहून मेम्फिसला गाडीने जाताना इंटरस्टेट ५७ वर अगदी खाली 'कैरो'चा बोर्ड दिसला. मुलं ओरडायला लागली, बाबा इजिप्त आलं! हे नाव इथे कसं काय?

मुलं फार चुकली नाहीत हो. इलिनॉयच्या त्या दक्षिण टोकाला लोक 'लिटल इजिप्त'च म्हणतात, जवळपास थीब्ज आहे, कार्नाक आहे, आणि तुम्ही जिथे निघाला होतात ते मेम्फिससुद्धा त्याच माळेतलं. १८१८ साली जॉन कॉमेगिस नावाच्या व्यापाऱ्याने ओहायो आणि मिसिसिपीच्या संगमावरची जमीन बघितली, नदीचा सपाट गाळाचा प्रदेश, आणि त्याला नाईल आठवली. शहर आणि बँक दोन्हींची सनद काढली, पण एखाद-दोन वर्षांतच तो वारला आणि जागेवर नाव तेवढं उरलं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा ही म्हण तिथल्या लोकांना माहीत असती तर त्यांनी पुढची चाळीस वर्षं तीच वापरली असती!

आणि हो, तिथे जाऊन 'कैरो' म्हणू नका, लगेच कळतं की पाहुणे आलेत. स्थानिक लोक 'केरो' म्हणतात, कुणी 'केअरो', म्हणून मीही केरोच लिहितोय.

प्रश्न : नकाशात बघितलं तर दोन प्रचंड नद्या इथे मिळतात. मग सेंट लुईस मोठं झालं, मेम्फिस मोठं झालं, आणि केरो का नाही? जागा तर हीच सगळ्यात भारी वाटते.

तुम्हाला वाटतंय तेच दोनशे वर्षांत भल्याभल्यांना वाटलं आणि त्यांचे पैसे बुडाले. नकाशावर ही जागा खरंच सोन्याची आहे, पण नकाशात उंची दिसत नाही ना. सेंट लुईसला आणि मेम्फिसला नदीलगत उंचवटा आहे, पूर आला तरी मूळ गाव वर राहतं. केरोला उंचवटाच नाही, दोन नद्यांनी टाकलेल्या गाळाची जीभ आहे ती, आणि संगमाची ही जागा अख्ख्या इलिनॉयमधली सगळ्यात सखल. भूगोलवाले तर सांगतात की फार पूर्वी मेक्सिकोच्या आखाताचं पाणी इथवर आत शिरलेलं होतं, त्यामुळे जमीन उत्तरेकडच्या मक्याच्या राज्यासारखी न वाटता एकदम दक्षिणेकडची वाटते, जवळच्या कॅश नदीच्या दलदलीत सायप्रसची हजार वर्षांची झाडं उभी आहेत.

तर १८३७ मध्ये डॅरियस हॉलब्रुक नावाच्या गृहस्थाने कंपनी काढली, लंडनमध्ये रोखे विकले, बांध घातले, कारखाने सुरू केले, आणि १८४० मध्ये लंडनची पेढी बुडाली आणि सगळं बंद. लोक सामान उचलून निघून गेले. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स बोटीने इथनं गेला तेव्हा त्याला दिसली ती अर्धवट बांधलेली घरं, चिखल आणि हिवताप, आणि त्याने पुढे या जागेला इतकी नावं ठेवली की केरोवाले अजून ते विसरलेले नाहीत. १८५० च्या जनगणनेत इथे फक्त २४२ माणसं होती.

मग आली रेल्वे. इलिनॉय सेंट्रलचा मार्ग १८५६ मध्ये पुरा झाला आणि त्याचं दक्षिणेचं टोक म्हणजे केरो. इथून पुढे रूळच नव्हते, म्हणजे उत्तरेकडून आलेला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पोतं इथे उतरणार, बोटीत चढणार, आणि दक्षिणेकडून आलेलं सगळं इथे बोटीतून उतरून गाडीत चढणार. आता हे नीट लक्षात घ्या कारण माझ्या मते केरोची सगळी गोष्ट यातच आहे. गाव नद्यांवर नाही जगलं, गाव जगलं ते लोकांना इथे थांबावं लागत होतं म्हणून. हॉटेलं, गोदामं, हमाल, दारूचे गुत्ते, वकील, सगळे त्या थांबण्यावर.

त्यात अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध सुरू झालं. सप्टेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या सैन्यातला, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला युलिसिस ग्रँट इथे आला तेव्हा तो नुकताच ब्रिगेडियर जनरल झाला होता, फारसं कुणी ओळखत नव्हतं, आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये इथूनच सैन्य आणि गनबोटी घेऊन त्याने दक्षिणेचे फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन हे किल्ले घेतले आणि देशभर नाव झालं. शेजारच्या माउंड सिटीत लोखंडी पत्र्याच्या गनबोटी बांधल्या, त्यातल्या एकीचं नावच 'केरो'. ती डिसेंबर १८६२ मध्ये याझू नदीत सुरुंगाने बुडाली, आणि गंमत म्हणजे १९६४ मध्ये तिला वर काढली, आज ती व्हिक्सबर्गला बघायला मिळते. बोटीला शहरापेक्षा बरे दिवस आले म्हणायचे.

लोकसंख्या १८६० मध्ये २,१८८ होती ती १८७० मध्ये ६,२६७ झाली. आणि मग, १८८९ मध्ये, इलिनॉय सेंट्रलने ओहायोवर पूल बांधला. त्याच्या आधी डबे फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यायचे, वेळ जायचा, माणसं जेवायची, मुक्काम करायची. गावाने पुलाचा जल्लोष केला असणार, कुठलंही गाव करेल, पण त्या पुलाने थांबण्याचं कारणच काढून घेतलं. १९०५ मध्ये वर थीब्जला मिसिसिपीवर रेल्वेपूल झाला, तिथली वाहतूक तिकडून जायला लागली. पुढे १९२९ मध्ये मिसिसिपीवर आणि १९३० च्या दशकात ओहायोवर मोटारींचे पूल झाले, आता मिसूरीतून केंटकीला जाताना इलिनॉय राज्यात तुम्ही जेमतेम मैलभर असता, एक गाणं पुरं होत नाही. आणि १९७८ मध्ये तुमचा तो इंटरस्टेट ५७ चा पूल, गावाच्या बाहेरून. शिकागो ते न्यू ऑर्लिन्स जाणारी अॅमट्रॅकची गाडी आजही केरोच्या पुलावरून ओहायो ओलांडते, पण कार्बनडेल सोडलं की पुढचा थांबा थेट केंटकीतलं फुल्टन.

प्रश्न : संगमानंतर नदीचं नाव मिसिसिपीच राहतं, म्हणजे ती मोठी आणि ओहायो तिची उपनदी, बरोबर ना?

नाव राहतं हे बरोबर, बाकी उलटं आहे. केरोपाशी ओहायोतून सरासरी सेकंदाला साधारण ८,००० घनमीटर पाणी येतं आणि मिसिसिपीतून ५,९०० च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या हिशोबाने ओहायोच थोरली. मग नाव का नाही? एकतर मिसिसिपी उत्तर-दक्षिण सरळ येते आणि ओहायो बाजूने येऊन मिळते, आणि दुसरं म्हणजे १६७३ मध्ये मार्केट आणि जोलिए हे फ्रेंच प्रवासी वरनं मिसिसिपीतूनच खाली आले, त्यांच्या दृष्टीने ओहायो ही वाटेत डावीकडून आलेली नदी. जो आधी येतो तो नाव ठेवतो. पश्चिमेच्या शोधमोहिमेवर निघालेले लुईस आणि क्लार्क नोव्हेंबर १८०३ मध्ये आले ते ओहायोतून, सहा दिवस इथे राहिले, अक्षांश-रेखांश मोजायचा सराव केला आणि नद्यांची रुंदीही मोजली, पण तोपर्यंत नावं पक्की झाली होती.

प्रश्न : २०११ मध्ये एक शहर वाचवायला सरकारने स्वतःच बांध उडवला असं वाचलं होतं. ते हेच का? शेतकऱ्यांची शेती बुडवून गाव वाचवणं योग्य होतं का?

हेच ते. पण 'शहर वाचवायला' एवढंच नव्हतं, जरा मागून सांगतो.

१९२७ च्या भयंकर पुरानंतर १९२८ मध्ये पूरनियंत्रणाचा कायदा झाला आणि त्यात मिसिसिपीच्या पश्चिमेला मिसूरी राज्यात बर्ड्स पॉइंट ते न्यू माद्रिद असा जमिनीचा पट्टा ठरवून ठेवला, की पाणी अतीच चढलं तर इथे सोडायचं. सरकारने तेव्हाच त्या जमिनीवर पाणी सोडायचे हक्क पैसे देऊन घेतले होते. १९३७ मध्ये एकदा तसं केलंही. पण मधे सत्तरेक वर्षं गेली, जमीन उत्तम, लोक शेती करत राहिले, घरं बांधली, कागदावरचा हक्क कोण लक्षात ठेवतो.

२०११ च्या एप्रिलमध्ये पाऊस थांबेना. आता केरो हे चारी बाजूंनी बांध आणि पूरभिंतीच्या आत आहे, उत्तरेला हायवे जिथून आत येतो तिथे रेल्वेच्या भरावाखाली एक अवाढव्य लोखंडी दरवाजा आहे, तो खाली सोडला की गाव म्हणजे वाडगं. पण धोका फक्त वरून पाणी येण्याचा नसतो. बाहेर नदी चढलेली, आत जमीन खाली, मग पाणी बांधाच्या खालच्या वाळूच्या थरातून दाबाने शिरतं आणि आतल्या बाजूला रस्त्यात, अंगणात झऱ्यासारखं उकळून वर येतं. स्वच्छ पाणी आलं तर एक वेळ ठीक, पण पाण्याबरोबर वाळू यायला लागली म्हणजे बांध खालून पोखरला जातोय. अशा वेळी भोक बुजवायचं नसतं, बुजवलं तर ते दुसरीकडून फुटतं, त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांची विहीर रचायची म्हणजे आतलं पाणी उंच चढून स्वतःच्याच वजनाने खालच्या दाबाला अडवतं. हे काम तिथे दिवसरात्र चाललं होतं.

१ मे ला गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. मिसूरी राज्य कोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टापर्यंत, तिथे नकार मिळाला. २ मे च्या रात्री पाणी ६१.७२ फुटांवर होतं, भिंत ६४ फुटांची, आणि आर्मी इंजिनियर्सनी बांधात पुरलेल्या पाइपांमध्ये स्फोटक भरून तो उडवला. साधारण १,३०,००० एकर शेती आणि ९० च्या आसपास घरं पाण्याखाली गेली, केरोपाशी पाणी उतरायला लागलं.

योग्य होतं का म्हणाल तर माझं मत, हो. ज्याची शेती वाळूखाली गेली त्याच्यासमोर उभं राहून हे बोलायला मला जड जाईल, पण माणसं आणि शेत यात निवडायचं असेल आणि शेतावर पाणी सोडायचा हक्क आधीच विकत घेतलेला असेल तर काय करणार? आणि नुसतं केरोच नाही, खालच्या-वरच्या सगळ्या बांधांवरचा ताण त्याने कमी झाला. मला खटकलं ते वेगळंच. मिसूरीच्या विधानसभेच्या तेव्हाच्या अध्यक्षांना पत्रकारांनी विचारलं की शेती बुडावी की केरो, तर ते चटकन म्हणाले केरो, आणि वर हसले. नंतर माफी मागितली. पण ते इतकं सहज का निघालं तोंडातून, ते पुढच्या प्रश्नात येतं.

प्रश्न : यूट्यूबवर केरोचे व्हिडिओ बघितले, रिकामे रस्ते, पडकी दुकानं, 'भुताचं शहर' म्हणतात. पुरामुळे झालं का हे?

नाही. आणि त्या व्हिडिओंचा मला जरा रागच येतो, कारण तिथे माणसं राहतात. कमी आहेत, १९२० मध्ये १५,२०३ होती ती २०२० मध्ये १,७३३ राहिली, पण भुतं नाहीत.

युद्धाच्या काळात गुलामगिरीतून सुटलेले हजारो लोक नदीने इथे आले, इलिनॉय म्हणजे स्वातंत्र्याच्या बाजूचा पहिला काठ. बरेच इथेच राहिले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावातला तीनातला एक तरी माणूस काळा होता. पण स्वातंत्र्य म्हणजे बरोबरी नव्हे. ११ नोव्हेंबर १९०९ ला हजारोंच्या जमावाने विल जेम्स या काळ्या माणसाला खटला न चालवताच भर चौकात मारलं. गव्हर्नरने शेरिफला काढून टाकलं, तो परत रुजू व्हायला धडपडला तेव्हा आयडा बी. वेल्स या पत्रकार बाई स्वतः केरोत आल्या, माहिती गोळा केली, सुनावणीत एकट्याने बाजू मांडली आणि शेरिफ गेला तो गेलाच.

१९६२ मध्ये सार्वजनिक स्विमिंग पूल सगळ्यांना खुला करा म्हणून आंदोलन झालं, त्यात पुढे खासदार झालेले जॉन लुईससुद्धा होते. तर गोऱ्या मंडळींनी काय करावं? पूलच बंद केला, नंतर त्यात चक्क सिमेंट भरलं. मुलांनी एकत्र पोहण्यापेक्षा कुणीच पोहू नये! १९६७ मध्ये रजेवर आलेला १९ वर्षांचा काळा सैनिक पोलीस कोठडीत मृत सापडला, पोलीस म्हणाले आत्महत्या, लोकांचा विश्वास बसला नाही, दंगे झाले. गोऱ्यांनी 'व्हाइट हॅट्स' म्हणून सशस्त्र टोळी काढली, बांधावरून काळ्यांच्या वस्तीवर गोळ्या झाडल्या जायच्या. १९६९ मध्ये रेव्हरंड चार्ल्स कोएन यांच्या पुढाकाराने युनायटेड फ्रंट ही काळ्या लोकांची संघटना उभी राहिली आणि काळ्या लोकांना नोकरी न देणाऱ्या दुकानांवर बहिष्कार घातला. मागणी साधी होती, आमचे पैसे घेता तर आम्हाला काउंटरमागे उभं करा. कित्येक दुकानदारांनी एक काळा माणूस कामाला ठेवण्यापेक्षा दुकानाला कुलूप लावलं आणि गाव सोडलं.

धंदा पुलांनी आधीच नेला होता, उरलेलं हे असं गेलं. बहिष्काराने गाव बुडवलं असं म्हणणारे भेटतील, मला ते पटत नाही. आणि मग ताजं, घरकुलांचा कारभार बघणाऱ्या तिथल्या संस्थेत इतका गोंधळ झाला की २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो ताब्यात घेतला, आणि २०१७ मध्ये सांगितलं की एल्मवुड आणि मॅकब्राइड या वसाहती दुरुस्त होण्यापलीकडे आहेत, जागा सोडा. साधारण चारशे माणसं, त्यात मुलं बरीच. १,७३३ या आकड्यात हेही आहे.

प्रश्न : जायचं ठरवलं तर बघण्यासारखं काय आहे?

मॅग्नोलिया मॅनर, गॅलिघर नावाच्या पिठाच्या व्यापाऱ्याने १८७२ मध्ये पुरं केलेलं विटांचं घर, ग्रँट १८८० मध्ये इथे उतरला होता. १८८४ ची सॅफर्ड लायब्ररी आणि जुनं कस्टम हाउस, दोन्ही दणकट. जाण्याआधी उघडं आहे का ते विचारून घ्या आणि गाडीत पाणी-खाणं ठेवा.

संगम मात्र चुकवू नका. गावाच्या दक्षिणेला फोर्ट डिफायन्सचं पार्क आहे, अगदी टोकापर्यंत गाडी जाते, बोटीच्या आकाराचा एक मनोरा आहे, त्यावर चढा. उजवीकडून मिसिसिपी येते ती मिसूरी नदीच्या गाळाने तपकिरी, डावीकडून ओहायो त्या मानाने हिरवट, आणि दोघी एकदम मिसळत नाहीत, खाली बऱ्याच लांबपर्यंत पाण्यात रेघ दिसत राहते. वसंतात जाऊ नका, पार्क बांधाच्या बाहेर आहे आणि तेव्हा अनेकदा पाण्याखाली असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा.