कोरिन्ना कोण होती, आणि तिला पैसे का हवे होते?

(मागच्या अंकात रोमन प्रेमकवितेवर, म्हणजे लॅटिन एलेजीवर, लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले हे काही प्रश्न.)

प्रश्न : कातुल्लसची लेस्बिया, प्रोपर्टियसची सिंथिया, तिबुल्लसची डेलिया, ओव्हिडची कोरिन्ना. या कवींच्या चौघी प्रेयसींची नावं घेतलीत, पण त्या खऱ्या होत्या की नाही हे सांगायचं टाळलंत. सरळ सांगा ना! (एक वाचक, नाशिक)

टाळलं नाही हो, जागा संपली. नावांची यादी आयतीच मिळते. इ.स. १५८-५९च्या सुमारास आपुलेयस नावाच्या लेखकावर जादूटोण्याचा खटला चालला. एका श्रीमंत विधवेला यानं मंत्र घालून वश केलं, असा आरोप होता. खोट्या नावांनी प्रेमकविता लिहितो म्हणूनही त्याला हिणवलं गेलं. त्यावर तो म्हणाला, मग थोरामोठ्यांनी काय केलं? लेस्बिया म्हणजे क्लोडिया, सिंथिया म्हणजे होस्टिया, डेलिया म्हणजे प्लानिया! खरं नाव आणि टोपणनाव वृत्तात एकाच मापाचं आहे, त्यामुळे ओळीत एकाच्या जागी दुसरं बेलाशक बसतं. एवढ्या भांडवलावर एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी इमले उभारले. ही कविता भांडणानंतरची, ती समेटाची, असं करत कवितांवरून प्रेमप्रकरणांच्या तारखा लावल्या.

क्लोडियाबद्दल आणखी ऐवज आहे. इ.स.पू. ५६ मध्ये केलियस नावाच्या आरोपीच्या बचावात बोलताना वकील सिसेरोनं एका क्लोडियाची यथेच्छ बदनामी केली, आणि आजही तिचं ‘चारित्र्य’ म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेक त्याच भाषणातून येतं. विरुद्ध बाजूच्या वकिलाकडून बाईचं चरित्र घ्यायचं, याला काय म्हणावं? शिवाय क्लोडिया तिघी बहिणी, आणि रोमन रिवाजाप्रमाणे तिघींचं नाव एकच. त्यांतली कातुल्लसची कुठली हे खात्रीनं सांगता येत नाही, हे टी. पी. वाइझमन यांनी दाखवून दिलं आहे.

आता नावांकडेच बघा. सिंथिया आणि डेलिया ही दोन्ही काव्यदेव अपोलोच्या जन्मस्थानावरून आलेली, लेस्बियामागे ग्रीक कवयित्री सॅफोचं लेस्बोस बेट, कोरिन्ना तर ग्रीक कवयित्रीचंच नाव. ओव्हिडची कोरिन्ना आपुलेयसच्या यादीत नाहीच. ओव्हिड मात्र मिश्कीलपणे म्हणतो, मीच कोरिन्ना असं सांगत फिरणारी एक बाई मला माहीत आहे.

१९५०मध्ये आर्चिबाल्ड ॲलन यांनी मांडलं की या कवींचा ‘प्रामाणिकपणा’ हा शैलीचा गुण आहे, कबुलीजबाब नव्हे. १९८३मध्ये फ्रेंच इतिहासकार पॉल व्हेन यांनी तर सगळा प्रकार हा कवीनं वाचकाशी मांडलेला खेळच ठरवला. मग १९८७मध्ये मारिया वाइक आल्या. प्रोपर्टियसची सिंथिया ही शाईनं घडवलेली बाई आहे, तिची चाल, तिचं नाजूकपण, तिचे कपडे हे त्याच्या काव्यशैलीचंच वर्णन आहे, असं त्यांनी कविता उलगडून दाखवलं. मला वाइक पटतात. व्हेन वाचायला फार मजा येते, पण खेळ म्हटलं की कोणाला काही लागतच नाही, अशी त्यांची समजूत दिसते.

प्रश्न : मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात, एलेजीचं स्त्रीवादी वाचन म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कवीला आजच्या चष्म्यातून बघणं. तुम्हाला काय वाटतं? (एक विद्यार्थिनी, पुणे)

सरांना ओव्हिडच्या ‘अमोरेस’मधली पहिल्या भागातली आठवी कविता वाचायला दे.

कवी दाराआड लपून ऐकतो आहे. आत दिप्सास नावाची म्हातारी कुंटीण त्याच्या प्रेयसीला धडे देते आहे. तुझा तो कवी नव्या कवितांपलीकडे तुला देतो काय? जो देईल तो तुझ्या लेखी होमरहून थोर असू दे. वय सरायच्या आत कमावून घे. कवी चिडतो, शिव्याशाप देतो, तिची उरलीसुरली पांढरी झिंजं उपटायला हात शिवशिवतात. प्रोपर्टियसच्या चौथ्या पुस्तकातली आकान्थिसही हेच शिकवते : कविता आणतो, पण कोस बेटाचं रेशीम आणत नाही, अशा माणसाचं गाणं ऐकूच नकोस. तिबुल्लसची नेमेसिस तर सारखी ओंजळ पुढे करून मोल मागते, असं तो कळवळून सांगतो.

तीन कवी आणि तक्रार एकच : बाई लोभी आहे. शॅरन जेम्स यांनी २००३ मधल्या पुस्तकात हीच तक्रार उलटी करून पाहिली. त्या म्हणतात, ही मुलगी शिकलेली, काव्य कळणारी, पण स्वतःच्या जिवावर जगणारी गणिका आहे. नवरा नाही, वारसा नाही, तारुण्याची वर्षं मोजकी. कवी तिला म्हणतो, भेटी मागू नकोस, मी तुला अमर करीन. म्हणजे प्रेमाची ही सगळी याचना, दारातलं रडणं, ‘मी तुझा गुलाम’ हे पालुपद, एका अर्थी फुकट मिळवण्यासाठी केलेला युक्तिवाद आहे. तो ऐकणारी बाई अडाणी नाही, म्हणून कवीला इतकं चातुर्य लढवावं लागतं.

यात आजचा चष्मा कुठे आला? दिप्सासचे शब्द ओव्हिडनंच लिहिले आहेत.

कायदाही बघ. इ.स.पू. १८ मध्ये ऑगस्टसनं विवाहाचे आणि व्यभिचाराचे कायदे आणले. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध हा आता फौजदारी गुन्हा झाला. त्यामुळे कवितेतली प्रेयसी विवाहित की गणिका हा प्रश्न पंडितांनी उगीच चघळलेला नाही. विवाहित म्हटली तर कवी गुन्हेगार, गणिका म्हटली तर ती पैसे मागणारच. ओव्हिड आपल्या प्रेमशास्त्राच्या सुरुवातीलाच कुलीन स्त्रियांना बाजूला व्हायला सांगतो. इ.स. ८ मध्ये या पुस्तकाचंही कारण देऊन त्याला काळ्या समुद्राकाठी तोमिसला हद्दपार केलं गेलं, तेव्हा ती सूचना कामी आली नाही.

एक मात्र ध्यानात ठेव. १९७३मध्ये ज्युडिथ हॅलेट यांनी, ही बाईही स्त्रीवादीच, अगदी उलट मांडलं होतं : रोमन नवऱ्याच्या राज्यात या कवींनी बाईला मालकीण केलं, हीच एक बंडखोरी होती. प्रोपर्टियस ठणकावून सांगतो की माझ्या रक्ताचा कोणी सैनिक होणार नाही, तेव्हा हॅलेट यांच्या म्हणण्यात तथ्य वाटतं. पण ‘अमोरेस’च्या पहिल्या भागातली सातवी कविता वाचली की वाटेनासं होतं. तिथे ओव्हिडनं प्रेयसीला मारलं आहे. मग पश्चात्ताप, मग स्वतःचीच टिंगल करत विजययात्रेचं वर्णन : जा वीरा, मुलगी जिंकलीस! आणि शेवटी तिलाच सांगणं की विस्कटलेले केस नीट कर, माझ्या गुन्ह्याची खूण दिसायला नको. आमच्याकडे वसईत माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, ज्या फादरांकडे मी पुढे लॅटिन शिकले त्यांनी ओव्हिडची ही पानं गाळली होती. कारण त्यांचं वेगळं असणार, पण ही कविता गाळण्यासारखी नाही. कवी स्वतःला उघडं पाडतो आहे की फक्त मजा करतो आहे, यावर अजून वाद आहे. मला वाटतं दोन्ही करतो आहे, आणि म्हणूनच ती वाचताना अंगावर येते.

प्रश्न : बायकांनी लिहिलेली एलेजी आहे का? (एक वाचिका, मडगाव)

आहे, चाळीस ओळी. तिबुल्लसच्या नावावरच्या संग्रहात, तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटाकडे सुल्पिशियाच्या सहा छोट्या कविता आहेत. वाढदिवसाला प्रियकर केरिन्थसला सोडून खेड्यात जावं लागणार म्हणून ती वैतागते. तापात पडल्यावर त्याला विचारते, तुला माझी काळजी आहे ना? आणि एकदा फटकारते : सर्वियसच्या मुलीपेक्षा, म्हणजे माझ्यापेक्षा, तुला सूत कातणारी बाजारबसवी बरी वाटते का? त्या फटक्यात कुळाचा तोरा आहे, आणि खालच्या थरातल्या बाईबद्दलची तुच्छताही.

वाक्यं गुंतागुंतीची आहेत. एकोणिसाव्या शतकात काही पंडितांनी त्याला ‘बायकी लॅटिन’ म्हणून गुण कमी केले. अलीकडे उलटा सूर निघाला, की हे कुणा पुरुषानं बाईच्या तोंडी घातलेलं असणार. निक्लास होल्त्सबर्ग त्यांतले एक. तसं होऊ शकतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. होनाजी बाळा आणि राम जोशी यांनी बाईच्या तोंडी लावण्या लिहिल्याच की. पण मला एक खटकतं. प्रोपर्टियसचं ‘मी’ हे सोंग असलं तरी लिहिणारा प्रोपर्टियसच, यावर कोणी शंका घेत नाही. बाईचं ‘मी’ दिसलं की मात्र आधी लेखकालाच पुसून टाकायचं! मी सुल्पिशियाच्या बाजूनं आहे.

प्रश्न : गॅलस हा या प्रकाराचा जनक म्हणता, पण त्याच्या कविता तर नाहीत. मग कशावरून? (एक वाचक, इंदूर)

पुढच्या कवींच्या साक्षीवरून. ओव्हिड चौघांचा क्रम लावतो तो असा : गॅलस, तिबुल्लस, प्रोपर्टियस आणि चौथा मी. गॅलस इजिप्तचा पहिला रोमन प्रांताधिकारी झाला, ऑगस्टसची मर्जी गेली आणि त्यानं आत्महत्या केली. शतकानुशतकं त्याची एकच ओळ हाती होती. १९७८मध्ये न्युबियातल्या कस्र इब्रिमच्या किल्ल्यात एक पपायरस मिळाला. त्यावर जेमतेम नऊ-दहा ओळी, पण त्यांत त्याच्या प्रेयसीचं, लिकोरिसचं नाव. या लिकोरिसची मात्र ओळख पटलेली आहे. ती किथेरिस नावाची नटी, पूर्वी गुलाम होती, आणि एके काळी मार्क अँटनीबरोबर राहिलेली.

प्रश्न : लॅटिन येत नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, सोलापूर)

‘अमोरेस’पासून. इंग्रजीत पीटर ग्रीन यांचं भाषांतर सहज मिळतं. लॅटिन शिकायची हौस असेल तर लोएब मालिकेतली प्रत घ्या, डाव्या पानावर मूळ असतं. दुसऱ्या भागातल्या सातव्या आणि आठव्या कविता लागोपाठ वाचा. सातवीत कवी कोरिन्नाला शपथेवर सांगतो की तुझे केस विंचरणाऱ्या दासीशी, किपास्सिसशी, माझा काही संबंध नाही. आठवीत तो किपास्सिसलाच विचारतो, हे हिला कळलं कसं? आणि लगेच पुन्हा मागणी, नाही म्हणालीस तर मीच सगळं सांगून टाकीन. ती गुलाम आहे. तिचं उत्तर कवितेत नाही. वाचून झालं की ते काय असेल, ते मला लिहून पाठवा.